घरचं वळण

कुइसेबच्या कोरड्या पात्राशेजारी
पत्र्याच्या खोलीत रौना भुंगेरे उकळते.
चहाचं भांडं वेगळं आहे,
असं ती येणाऱ्याला शपथेवर सांगते.

दोन माद्या. काळ्या, लांब पायांच्या,
पाठीची ढाल कायमची सांधलेली.
दोघींच्या टाचणीवर एकच नाव,
जर्मन वळणाच्या शाईत, एकोणीसशे अकरा.

सुईने पोट उचलायचं. रात्रभर क्षारात ठेवायचं.
सकाळी मांस गेलेलं असतं.
उरते अंडनलिका, आणि आत खोल
केसाएवढा शुक्रकोश.
काळ्या रंगाचा एक थेंब, मग भिंग:
पहिलीचा स्प्रिंगसारखा वेटोळलेला,
दुसरीचा मुळीसारखा फुटत गेलेला.

म्हणजे ह्या बहिणी नव्हेत.
वाळूने दोघींना एकाच मापाचा अंगरखा शिवला,
उन्हाने तो घट्ट बसवला.
पण वाळूचा हात कुशीपर्यंत पोचला नाही,
तिथे घरचं वळण टिकलं.

दुसरीची सख्खी सापडते
तीन कपाटं पलीकडे: बुटकी, तपकिरी, खडबडीत,
जिच्याकडे शंभर वर्षांत
कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

जोएल दाउसाब भिंगात डोकावतो, बराच वेळ.
"लहानपणी मी ह्या दोघींना
एकाच रेघेवरून पळवायचो," म्हणतो.
"जिंकायचं कोण?"
"ते कुठे आठवतंय. सारख्याच दिसायच्या."

रौना हसत नाही, मोजत असते.
ग्लिसरीनची इवली कुपी टाचणीला टोचते.
जुनी चिठ्ठी फेकत नाही,
थोडी खाली सरकवते,
आणि वर, नव्या कागदावर,
पेन्सिलीने
फक्त प्रश्नचिन्ह.