भेटीचे कारण

रोज सकाळी पाटोवरच्या त्या काचेच्या इमारतीत
मी पाहुणा म्हणून शिरतो.
नाव : वल्लभ म्हांबरे. कुठून : मार्दोळ.
कुणाला भेटायचंय : इथे कधी लिहितो सर्व्हर,
कधी नुसती रेघ ओढतो.
भेटीचे कारण : काम.

पुतू गावस वही आपल्याकडे वळवतो
आणि हिरवी पट्टी देतो गळ्यात घालायला.
नोकरीतल्यांची निळी.
हिरवी म्हणजे एसी दुरुस्तीवाला,
पाण्याचे जार आणणारा पोरगा, आणि मी.
दोन वर्षं आठ महिने चाललाय हा पाहुणचार.
आमच्यात पाहुण्याला आधी वाढतात.
इथे कॉफीच्या मशीनला कार्ड लागतं, निळं.

त्यांचा पगार मी पाडतो.
म्हणजे पाडणारा प्रोग्राम माझा :
तीस तारखेला रात्री बाराच्या ठोक्याला
दोनशे अकरा खात्यांत पैसे,
दोनशे अकरा फोन उशाशी थरथरतात.
एकदा सहा मिनिटं उशीर झाला
तर बंगळूरच्या साहेबाने मला झोपेतून उठवलं.
(तो कॉलवर 'आपली टीम' म्हणतो.
दर कमी करायचा मेल त्याच संध्याकाळी येतो.)

माझं बिल क्रमांक एकोणतीस मात्र पोर्टलवर पडून आहे.
साठ दिवसांत देऊ, असं करारात आहे;
ते दिवस बिल उघडल्यापासून मोजतात,
आणि उघडणारी बाई रजेवर.
हिशेबखात्याच्या यादीत मी विक्रेता,
झेरॉक्सवाल्याच्या खाली,
शोभेच्या कुंड्या भाड्याने देणाऱ्याच्या वर.

विक्रेती खरं तर आई.
मार्दोळला देवळापुढे जायांचे वळेसर घेऊन बसते.
गिऱ्हाईक आधी पैसे ठेवतं,
मग ती केळीच्या पानाला गाठ मारते.
संध्याकाळनंतर फूल कुणाचंच नसतं,
म्हणून उधारी नाही.
मी तिला साठ दिवसांचं समजावून सांगितलं
तर म्हणाली, मग तोवर ते वापरत नाहीत ना?
वापरतात, म्हटलं.
माझं काम कोमेजत नाही,
बहुतेक तीच माझी चूक.

काल भोंगा झाला.
खरी आग नव्हती, आगीची तालीम.
जिन्याने सगळे खाली,
खाडीकडेच्या कठड्यापाशी रांगा,
भरती उतरलेली, तिवरांच्या मुळांत चिखल,
त्यात कुणाची तरी एक चप्पल.
लवीना कुलासोने यादी वाचली,
प्रत्येकाने हात वर केला, काहींनी दोन दोनदा, मजेत.
दोनशे अकरा, ती म्हणाली. सगळे सुखरूप.
आकडा बरोबर होता. मला पाठच आहे तो.
मी कठड्याला टेकून उभा,
वाचलेल्यांत नाही, जळालेल्यांतही नाही.

मग पुतू जिना उतरून आला, सावकाश,
काखेत वही.
'एसीवालो आज आयलोच ना.
म्हांबरे?'
'आसां,' म्हटलं.
त्या वहीतली माझी आठशेच्या वर नावं
एकदम छातीवर आल्यासारखी वाटली.

'आणि तू रे?'
तो हसला. त्याला एजन्सीने पाठवलंय,
एजन्सी म्हापशाला,
त्याचं नाव कुठल्या यादीत ते त्यालाही ठाऊक नाही.
'दारावरच्याचं नांव कोण बरयता?'
मी त्याच्या हातातलं पेन घेतलं
आणि माझ्या ओळीखाली लिहिलं :
पुतू गावस. कुठून : केरी, सत्तरी.
कुणाला भेटायचंय : रेघ.
भेटीचे कारण :

तेवढ्यात भोंगा थांबला.
निळ्या पट्ट्या लिफ्टकडे वळल्या.
रकाना कोराच राहिला,
आणि दारात पुतूने हात आडवा घालून
माझी पट्टी पुन्हा तपासली.