चाळीस युरोचा सर्व्हर

रिमांतासच्या गॅरेजात सर्व्हर किलोवर मिळतात,
रद्दीसारखे.
त्यानं एकाचा प्लग लावला, तर पंखे असे किंचाळले
की बाहेर बर्फ उपसणारा माणूस फावडं टाकून आत डोकावला.
"शांत होईल," रिमांतास म्हणाला.
मग म्हणाला, "सवय होईल."
यातलं कुठलं खरं, ते मला तिथंच कळलं.

तो पन्नास म्हणाला, मी तीस.
चाळीसला तुटलं.

पुढं पिवळी पट्टी: 'पगार – २. बंद करू नये.'
केलाच की कुणीतरी बंद.
विमा कंपनी बुडाली, डिस्का चुरडून टाकल्या,
आठ खण रिकामे, एकात मेलेला कोळी.
मेमरी तेवढी ठेवली होती. ती कुणी पुसत बसत नाही,
वीज गेली की सगळं आपोआप विसरते, असं त्यानं सांगितलं.
मी ऐकून घेतलं.

ट्रॉलीबसमध्ये एका पोरानं उठून जागा दिली,
मला की मांडीवरच्या अठरा किलोंना, विचारलं नाही.

एकसष्टाव्या वर्षी हे कशाला, सून विचारते.
महिन्याला चार युरोत भाड्यानं मिळतं म्हणे, ढगात.
मिळत असेल.
पण गिंतौतासच्या वह्या मी ढगात ठेवणार नाही.
एकतीस वर्षं रोज सकाळी सातला माझा भाऊ पुलाखाली जायचा,
नेमुनासच्या पाण्यात थर्मामीटर सोडायचा.
सांगितलं कुणी नव्हतं. वाचणारंही कुणी नव्हतं.

तळघरात, बीटच्या बरण्यांशेजारी मांडला.
शिकले:
एका यंत्राला पासष्ट हजारांवर दारं असतात
आणि अक्कल म्हणजे त्यातली दोन-तीनच उघडी ठेवणं.
एक अर्धविराम राहिला तर सगळं अडतं,
आणि यंत्र चूक दाखवतं ती भलत्याच ओळीत,
अगदी आमच्या आईसारखं.
वरच्या मजल्यावरची बिरुते म्हणाली, फरशीखालून विमान जातंय,
ते एकदाचं उतरणार कधी?

मार्चमध्ये एका रात्री दार उघडलं.
अकराव्या मिनिटाला पाहुणा!
चष्मा शोधला, नोंदी वाचल्या.
पाहुणा कसला, कुलूप चाचपत होता.
ॲडमिन. ॲडमिन एक दोन तीन. रूट.
पहाटेपर्यंत चार हजार वेळा,
कुठकुठल्या देशांतून,
आणि घरात चोरण्यासारखं काय,
तर नदी किती गार होती ते.
हसले. मग घाबरले. मग किल्ल्या बदलल्या.

एप्रिलमध्ये मात्र कुणीतरी सरळ दारातून आलं.
एकच पान उघडलं, दोनदा:
नऊ फेब्रुवारी सत्त्याऐंशी. शून्य पूर्णांक दोन.
शेऱ्यात गिंतौतासचं किडमिडं अक्षर मी टंकलेलं:
'धुकं. पुलावर एक मुलगी रडत उभी.
थर्मामीटर वर धरून दाखवला. थांबली.'

थांबली म्हणजे रडायची थांबली,
की नुसतीच थांबली?
विचारायला तो नाही.
आलेल्यानं मागं आकड्यांचा पत्ता ठेवलाय,
त्यावर पत्र जात नाही.

वीजबिल सोळा युरोनं वाढलं.
मांजर गरम हवेसाठी त्याच्या पाठीशी झोपतं,
आणि त्याचे केस आत जातात.
परवापासून एक पंखा खरखरतोय.
रिमांतासला फोन केला.
म्हणाला, "ये घेऊन. सुटा पंखा नाही,
किलोवर अख्खा दुसरा देतो."