वजाबाकी

चैत्रात येणार म्हणून नाव ठरलं होतं चैत्राली.
आली माघात,
नऊ आठवडे आधी, एक किलो चारशे वीस ग्रॅम,
आणि नाव बदलायचं कुणाला सुचलंच नाही.

घणसोलीत, पडदेवाल्याच्या दुकानावर
डॉक्टर तांडेल बसतात.
आधी कॅलेंडर बघतात, मग तिला.
"जन्माला सहा महिने झाले. नऊ आठवडे वजा.
म्हणजे चार होत आलेत. याला दुरुस्त वय म्हणायचं."
तक्त्यावर ठिपका, ठिपक्यापासून डावीकडे
एक बारीक बाण.
मी महापेच्या पॅकिंग कंपनीत हिशेब बघते,
दुरुस्तीची नोंद मला कळते:
मूळ आकडा खोडायचा नाही,
खाली लाल शाईत लिहायचं, सही करायची.
कळत नव्हतं ते एवढंच,
चूक कुणाच्या खात्यावर टाकायची.

तेव्हापासून माझ्याकडे दोन उत्तरं असतात.
लिफ्टमध्ये ठाकूरबाईंना धाकटं वय सांगते.
त्यांचा विहंग त्याच आठवड्यातला,
भिंत धरून उभा राहतो, टाळ्या वाजवतो,
आणि हे सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये असतं.
सासूबाईंना वजाबाकी मान्य नाही.
"माघातली ती माघातलीच," म्हणतात
आणि तिच्या पोटऱ्या तेलानं चोळत राहतात.

तपासणीचं सामान तसं साधंच.
लाकडी फळी, पावलांशी सरकती पट्टी,
डोक्याभोवती फिरणारी टेप,
दोऱ्याला बांधलेला लाल लोकरीचा गोंडा.
गोंडा डावीकडे. डोळे गेले.
गोंडा उजवीकडे.
डोळे डॉक्टरांच्या चष्म्यावर.
"चालेल," म्हणाले.
रिक्षात घरापर्यंत मी तो एकच शब्द
उलटसुलट करून बघितला.

कानाच्या तपासणीला तिनं झोपायला हवं होतं.
वाशीला, भर दुपारी,
आम्ही तिघं मोठी माणसं पेंगलो
आणि ती टक्क जागी,
कपाळावरच्या वायरी उपटत.

मग परवा, दोन वर्षं पूर्ण.
पेन उचललं, ठिपका दिला, बाण काढलाच नाही.
"आता वजा करायचं नाही. दोन म्हणजे दोन."
या वाक्याची मी किती वाट बघितली होती,
आणि आलं तेव्हा
पायाखालची पट्टी सरकल्यासारखं झालं.

ते नऊ आठवडे मग गेले कुठे?
मी तर ते बसून काढलेत,
निळा गाऊन, कोपरापर्यंत धुतलेले हात,
पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत,
तिच्या मुठीत मावेल एवढंच.
हरेश रात्रपाळीवरून थेट यायचा,
काचेबाहेर उभ्यानंच डुलकी काढायचा.
नळीतून अडीच मिली दूध गेलं
तर आम्ही एकमेकांना पेढ्यासारखं सांगायचो.

डॉक्टरांनी ठोकळे पुढे ठेवले.
सहा रचायचे, या वयाला.
खिडकीबाहेर क्रेनखाली कुणाचा तरी तेविसावा मजला.
तिनं चार रचले.
पाचवा धरून जरा विचार केला
आणि डॉक्टरांच्या खिशात टाकला, पेनाशेजारी.
"हं," म्हणाले. लिहिलं काय ते दिसलं नाही.
"बोलते?"
"पानी दे. बाबा झोप."
"छान. सहा महिन्यांनी आणा. तोवर शब्द मोजून ठेवा."

मोजतेय.
फ्रिजवरच्या कागदावर काल रात्रीपर्यंत एकेचाळीस,
त्यात 'इप' धरायचा की नाही ठरत नाही.
इप म्हणजे लिफ्ट.

आज सकाळी ठाकूरबाई पुन्हा.
"किती वर्षांची झाली गं आता?"
माझं तोंड सवयीनं वजाबाकीला उघडतं.
कडेवरून झेपावत
"इप," म्हणते चैत्राली
आणि हाताला लागतील तेवढी सगळी बटणं पेटवते.