पासंग

दुखवट्याचा ठराव मीच लिहायचा, असं ठरलं.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी
'तुमच्या हाताला वळण आहे, काका' म्हणत
मुख्याधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढं सरकवला.
पंख्याखाली त्याचे कोपरे फडफडत राहिले.

'पिंपळगव्हाणचे माजी नगराध्यक्ष
कै. नागोराव इंगोले यांच्या निधनाने...'
इथवर पेन आपोआप चालतं.
पुढं पोकळी येते, कधीही भरून न येणारी.
सतरा ठरावांत मीच ती तशी ठेवली आहे.

बाप माझा मोंढ्यात मापाडी.
पहिल्या मापाला तो 'एक' म्हणायचा नाही,
म्हणायचा, लाभ.
लाभ, दोन, तीन...
नागोरावांचंही तसंच मोजावं म्हटलं.

लाभ. पाणी.
चौदा किलोमीटरवरून नळ आणला त्यांनी.
त्याआधी आमच्या आया पूर्णेच्या वाळूत झिरे उकरायच्या,
वाटीवाटीनं घागर भरायच्या.
दोन. मुलींची शाळा, बारावीपर्यंत.
धुरपताबाईची सुमित्रा तिथंच शिकली,
परभणीच्या सिव्हिलमध्ये सिस्टर झाली.
नागोरावांना शेवटची सलाईन तिनंच लावली.

तीनला जीभ अडखळते.
नळ आला तो पुतण्याच्या पाइपातून.
टेंडरचं पाकीट एकच आलं, फोडलं मीच.
दुसऱ्या उन्हाळ्यात पाइप उलले.
खालच्या पेठेत आजही आठव्या दिवशी पाणी,
इंगोले गल्लीत रोज.

स्टँडमागच्या टपऱ्या पाडल्या त्या मे महिन्यात,
शुक्रवारी, भर दुपारी.
महेबूब टेलर नमाजाहून परतला तेव्हा
मशीन सापडली, तिचं चाक सापडलं नाही.
कुणाच्या तरी हळदीची झंपरं बेतलेली होती,
ती धुळीत.
रस्ता मात्र रुंद झाला.
त्याच रस्त्यानं पुढं ॲम्ब्युलन्स आली,
महेबूबची बायको वाचली.
आता हे कोणत्या पारड्यात टाकू?
महेबूबलाच विचारलं.
'भला था के बुरा, ते तुमी बघा काका.
मेरा चाक लिखो बस.'

आणि नामांतराच्या दंगलीतली ती रात्र.
सटवाजी सांगतो, वस्तीच्या तोंडाशी
नागोराव एकटेच उभे होते, हातात कंदील.
गयाबाई म्हणते, व्हता ना उभा,
पर तोंड आमच्याकडं व्हतं का पाठ,
त्ये अंधारात कळलं न्हाई बाबा.
सकाळी वस्तीत पाच छपरं कमी होती.
कंदिलाचं वजन किती धरायचं?

बाप म्हणायचा, माल टाकायच्या आधी
रिकामा काटा बघत जा.
एक पारडं झुकलं असलं तर
दुसऱ्याला खडा बांधायचा. तो पासंग.
आणि लबाड मापाडी तोच खडा
भलत्या बाजूला बांधतो.

चौऱ्याऐंशी साली मुलाखतीला आम्ही अकरा पोरं.
माझा नंबर सातवा.
नागोराव म्हणाले, 'लिंबाजीचं ना तू? उद्यापासून ये.'
वस्तीतला एक होता, माझ्याहून देखण्या अक्षराचा.
तो वीटभट्टीवर गेला.
त्याचं नाव मला पाठ आहे.
बत्तीस वर्षं पगाराच्या रजिस्टरात सही करताना
रोज नाही, पण पहिल्या तारखेला आठवायचं.

म्हणजे खडा माझ्याच खिशात.

सभेत ठराव वाचला गेला.
पोकळी होती, दूरदृष्टी होती, विकासपुरुष होता.
चाक नव्हतं.
कुणी गाळलं नाही ते, मीच लिहिलं नव्हतं.

मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.
महेबूब दाराशी होता, तोही उभा.
सभा संपली, खुर्च्या करकरल्या, सगळे बसले चहाला.
तो उभाच.
मशीन गेल्यापासून पोराच्या गाड्यावर तो केळी विकतो,
बसायची सवय मोडलीय म्हणाला.