तरंगकाटा

सोहार बंदरामागच्या दवाखान्यात
रिफ्रॅक्टोमीटर तीन दिवस बंद,
म्हणून कपाटातून जुना काचेचा तरंगकाटा काढला.
बाटलीवर चिठ्ठी: हसुराम घरत. वय एकेचाळीस. काम: परांची बांधणे.
रंग: तीनदा उकळलेला कोरा चहा.

काटा सोडला.
तो बुडायला तयार नव्हता,
मान काढून उभाच राहिला
एक पूर्णांक शून्य चौतीसवर.

हसुराम दारातून बघत होता.
"ह्यो आमचे मिठागरान पन होता.
बापूस यानंच पानी बगाचा.
येवरा वर आला का बोलाचा, आता मीठ धरल."

मला हे कॉलेजात बाणांनी शिकवलं होतं.
नळी खाली जाते, केसातल्या आकड्यासारखी वळते, वर येते.
पाठ केलं. दहापैकी सात.
कळलं आज, उरणच्या माणसामुळे.

हसुराम, तुझ्या कमरेवर दोन्ही अंगांना
एकेक मिठागर आहे, मुठीएवढं.
वर चढणारी नळी पाणी सोडत नाही,
नुसतं मीठ उचलून बांधाबाहेर टाकते.
त्या मिठाच्या ओढीनं शेजारच्या उतरत्या नळीतलं
पाणी झिरपून जातं,
उरलेलं दाट होत तळाशी पोचतं, वळतं,
आणि चढता चढता पुन्हा मीठ बाहेर.
एक उतरतोय, एक चढतोय,
आणि मधल्या मांसात खारटाण साचत जाते,
जितकं खोल तितकी जास्त.

तुमच्याकडे पाणी जाऊ देतात, मीठ ठेवतात.
इथे मीठ ठेवतात ते पाणी जाऊ नये म्हणून.
शेवटची नळी मुद्दाम त्याच खारटाणातून नेलेली आहे.
डोक्यातून निरोप येतो, पाणी कमी आहे,
की तिच्या भिंतीत बारीक दारं उघडतात
आणि जाता जाता पाणी परत फिरतं.
दिवसाला एकशे ऐंशी लिटर गाळायचं
आणि लिटरभर सोडून सगळं घरी पाठवायचं.

"म्हंजे पगारासारखा," तो म्हणाला.
हसला नाही.

तुझं तर अर्धा लिटरही नसेल.
रक्ताच्या चौपट दाट, त्यापुढे माणसाला जमत नाही.
वाळवंटातल्या जर्बोआला जमतं.
उंदराएवढा जीव, जन्मभर पाणी न पिता राहतो;
त्याचे आकडे लांब, खोल गेलेले.
तू जर्बोआ नाहीस,
हे लिहायला रिपोर्टात रकाना नसतो.

पाणी का पीत नाहीस, मी विचारलं.
बाहेर सेहेचाळीस अंश. समुद्राचं पाणी गोड करणारा
कारखाना खिडकीतून दिसत होता, वाफेत थरथरणारा.

"पानी हाय. वर थंड बाटल्या हान.
पन पिला का उतराला लागतं.
अकरा माळे खाली, अकरा माळे वर,
फोरमन टाईम लिवून ठेवतं."

मी काटा धुतला. नळाचं पाणी भरून पुन्हा सोडला.
तो गळ्यापर्यंत बुडाला, निमूट.
हसुराम वाकून बघत राहिला,
बाप बघत असेल तसा, एक डोळा मिटून.
"याचा मीठ व्हाचा नाय," म्हणाला.

मी त्याच्यासमोर तांब्याभर पाणी ठेवलं.
त्यानं हात पुढे केला, थांबला,
आणि आधी विचारलं,
"मोरी कंचे बाजूला हाय?"