जाळ्यांच्या खोलीतला उजेड

जाळी विकली त्या वर्षी ही खोली रिकामी झाली.
भिंतींना अजून सुंगटांचा वास.
तिथे मी चार बाय चारचा तंबू उभा केला,
बाहेरून काळा, आतून चंदेरी.
चेन ओढून आत वाकले की वाटतं
आपण चहाच्या डब्यात शिरलोय.

बाहेर वांदरांनी काही ठेवलं नव्हतं.
वालीच्या शेंगा, पपया, शेवटी मिरचीचे शेंडेसुद्धा.
जुलैत ऊन नाही, ऊन असतं तेव्हा खारा वारा.
आणि भोगव्याच्या हॉटेलवाल्याला
बारा महिने तुळस हवी. आपली नव्हे,
ती इटलीची, जिला वृंदावन लागत नाही.

पहिला दिवा सोडियमचा,
कुडाळहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला.
चारशे वॅट, वर भुंग्यासारखा गुणगुणणारा चोक.
भर श्रावणात त्याने खोलीत मे महिना आणला.
पानांच्या कडा पापडासारख्या झाल्या,
आणि मीटर बघून वायरमन म्हणाला,
"वयनी, बर्फाचो कारखानो घातलास काय?"

दुसरा जांभळा. स्वस्तातला.
त्यात माझेच हात मला बुडून वर आलेल्या माणसाचे वाटत.
पानं काळी दिसायची.
करपा आला तो कळला
कुंडी उंबऱ्यावर नेल्यावर.
ज्या उजेडात दुखणं दिसत नाही
तो किती का कमी युनिटं खाईना,
महागच.

मग रात्री मोबाइलच्या डोळ्यावर
कागदाचा कपटा चिकटवून उजेड मोजू लागले.
मधे किती, कोपऱ्यात किती,
दिवा वीतभर खाली घेतला तर किती.
वॅट म्हणजे दिवा काय खातो ते.
पानाच्या ताटात काय पडतं ते निराळं.
मधलं सगळं नुसतं तापण्यात जातं.
घर चालवलेल्या बाईला
हे कुणी शिकवावं लागत नाही.

तेवढ्यात पास्कू आला, पाठीवर पोतं.
होडीवरचे दिवे, रात्री पाण्यात सोडायचे.
बंदी आल्यावरही लपूनछपून लावले,
एकदा धरला गेला, दंड भरला, मग उतरवले.
"घे गो, फुकट देतंय.
ह्यो बगल्यावर बांगडो सोताहून येता."

एक टांगून पाहिला.
मधे पांढरा खड्डा, भोवती काळोख.
चार दिवसांनी पास्कू बघायला आला
तर कडेची सगळी रोपं
माना वळवून एकाच जागी झुकलेली,
एकही पान मागे नाही.
तो बराच वेळ चेन धरून उभा राहिला.
म्हणाला, "ते पण अशेच इले होते."
आणि दिवा उतरवून पोत्यात भरला.
चहा घेतला नाही.

आता आहे तो पांढरा, पसरट, दीडशे वॅटचा,
भिशीच्या पैशांतून घेतलेला.
त्याचा ड्रायव्हर तंबूबाहेर खिळ्याला लटकतो,
म्हणजे ताप बाहेरच राहतो.
सांध्यांना व्हॅसलीन चोपडलंय,
समुद्र लोखंडाला सोडत नाही, तांब्यालाही नाही.
महिन्याची एकशे ऐंशी युनिटं साठ-पासष्टावर आली.
वायरमन आता थट्टा करत नाही,
जाताना तुळशीची जुडी नेतो,
घरी आमटीत घालतो म्हणे.

एवढं करून एक चूक राहिलीच होती.
कोथिंबिरीला अठरा अठरा तास उजेड दिला, हावरटपणे,
आणि ती हातभर होण्याआधीच फुलावर आली.
काळोखही मोजून द्यायचा असतो
हे मी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.
समोर खडकावर निवतीचं दीपगृह.
पन्नास वर्षं बघतेय,
ते एकदा लागतं आणि कितीतरी वेळ लागत नाही.

दहाला टायमर खट्‌ वाजतो.
त्याआधी तंबूची चेन वरून बोटभर उघडी राहते,
दात तुटलेत तिचे.
तिथून भिंतीवर उजेडाची एक रेघ पडते
आणि रेघेवर एक पाल.
रोज तिथेच. किडे येतात, ती खाते, पोट सुटलंय.
काही मोजत नाही मेली.
चेन बदलायची आहे.
बघू.