बाकी

आगरवाड्याच्या बांधावर, मानशीजवळ
(मानस म्हणजे इथे मन नव्हे,
भरतीला थोपवणारी लाकडी झडप),
तिळोत्तमा आत्याने फावड्याच्या दांड्याने
ओल्या चिखलात आकडा ओढला:
७,३९,३९,१३३.

मोठ्यानं वाच, म्हणाली.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

माझ्या काखेत प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत मिठागराच्या वाटणीचे कागद,
पेडण्याच्या कचेरीचे शिक्के.
पाच वारस. चार सह्या झालेल्या.
मोपाकडे एक विमान इतकं खाली उतरत होतं
की त्याची चाकं मोजता आली असती.

भाग, म्हणाली.
पाचाने? बाकी तीन.
साताने? मी ओठ हलवत उभा. बाकी दोन.
अकराने चार. तेराने आठ.
पुरे, नाही जायचा. मूळ संख्या आहे ती.

मग तिने मानशीची फळी वीतभर उचलली.
पाणी उजवीकडून आलं, एककाच्या अंगाने,
काही घाई नसल्यासारखं,
आणि शेवटचा तीन घेऊन गेलं.
त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा.
आता?
आताही नाही.
आणखी एक तीन गेला. नाही.
एक पुसला, नऊ पुसला,
तिसरा तीन बुडबुडा सोडून विरला.
सातशे एकोणचाळीस.
जे उरे ते मूळच.

पुढे वाढवता येतो का, मी विचारलं.
सम आकडा, शून्य, पाच यांचं नावच नको.
एक लाव, अंकांची बेरीज एकोणचाळीस,
तीन लगेच आत शिरतो. सात लाव, तरी तोच.
तीन आणि नऊ लावून बघायला मात्र
अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली माझी,
म्हापशाला, शाळेच्या उरलेल्या वह्यांवर.
त्यांनाही कुणीतरी भागतंच.
हा एवढाच वाढू शकला, म्हणाली,
खाली उतरताना मात्र कुठेच मोडत नाही.

नऊही गेला. त्र्याहत्तर.
हे माझं वय, म्हणत तिने
पाऊल मागे घेतलं, पाण्याला वाट दिली.

सात.

सातावरून एक खेकडा तिरपा चालत गेला.
आत्याने फळी खाली दाबली, कोपराने घाम पुसला.
मी पिशवी उघडली. कागदांची कड भिजली होती,
पाचव्या सहीची रेघ तेवढी कोरडी.
तिने कागद डोळ्यांपासून लांब धरून
शिक्क्यासकट सगळा वाचला,
तपासून झालेल्या पेपरासारखी घडी घालून
परत माझ्या हातात दिला.

भागाकार बरोबर आहे रे तुमचा, म्हणाली.
बाकी कुठे लिहिलीय ती दाखव.

घरी येताना फोनवर आकडा टाकला
आणि सतराने भागून पाहिला.
तेरा.